नवा संच, जुनी तार : मोटारीतला रेडिओ का हरवतो?

मोटारीतला जुना टेप काढून त्या जागी नवा स्टिरिओ बसवला. गाणी पूर्वीपेक्षा गोड वाजू लागली. पण रेडिओ मात्र लागेनासा झाला. अमरावती-अकोल्याकडे मोटार बाळगणाऱ्या पुष्कळांच्या तोंडून ही तक्रार ऐकू येते. ज्या व्यासपीठावरून इतिहासाची आणि वाङ्मयाची चर्चा व्हावयाची, तेथे तारा आणि खिळे यांचा हा विषय कशाला, असे काहींना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या वस्तूवर आपण पदरचा पैसा खर्च करतो आणि जी बिघडली म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते, ती वस्तू कशी चालते हे समजून घेणे हेही नागरिकाचे शिक्षणच होय.

शिवाय या प्रश्नात गमवावे लागते ते केवळ करमणुकीपुरते नाही. रेडिओ लागत नाही असे दिसले, की बहुतेक लोक दोनांपैकी एक गोष्ट करतात. काही जण नवा संच सदोष ठरवून दुसरा घेतात. तोही तसाच खरखरतो आणि पैसे दोनदा जातात. उरलेले लोक ‘आता आकाशवाणी पूर्वीसारखी राहिली नाही’ असे म्हणून रेडिओचे बटन दाबणेच सोडून देतात. यात अधिक नुकसान दुसऱ्या प्रकारात आहे. ऐकू न येणारे केंद्र आणि नसलेले केंद्र यांत श्रोत्याच्या दृष्टीने काहीच अंतर उरत नाही. मृगाच्या तोंडाशी वादळी पावसाचा इशारा, शेतीविषयक सल्ला, आपल्या जिल्ह्याची बातमी ही सारी केंद्रावरून वेळेवर निघते; आणि ज्याच्यासाठी निघते त्याच्या गाडीच्या छपरावरून जाते; पण आत पोचत नाही. का, तर निळ्या रंगाची एक वीतभर वायर कोणी जोडली नाही म्हणून! हे थोडे विचित्र असले तरी असेच घडत असते.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. रेडिओ म्हणजे डॅशबोर्डातला डबा नव्हे. प्रक्षेपणाच्या मनोऱ्यापासून आपल्या कानापर्यंत एक साखळी आहे आणि डबा ही तिच्यातली केवळ एक कडी आहे. नवा स्टिरिओ बसवताना आपण ही एकच कडी बदलतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिच्या शेजारच्या तीनचार कड्यांना हात लागलेला असतो. दोष बहुधा त्या कड्यांत असतो.

प्रथम लहरींविषयी थोडे. विद्युत्-चुंबकीय लहरी हवेतून, किंबहुना हवा नसली तरी, प्रवास करतात हे हाइन्‍रिख हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला आज त्याचेच नाव दिलेले आहे. आपल्याकडे १९२७ च्या जुलैत मुंबईचे प्रक्षेपणकेंद्र सुरू झाले आणि १६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे केंद्र सुरू होऊन विदर्भाला स्वतःचा आवाज मिळाला. नागपूरची ५८५ किलोहर्ट्‌झ ही मध्यम लहर वऱ्हाडातल्या जुन्या श्रोत्यांना घराच्या पत्त्यासारखी पाठ असे. पुढे १९७७ साली मद्रास येथे एफ. एम. पद्धतीचे प्रक्षेपण भारतात प्रथम सुरू झाले आणि कालांतराने ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. आकाशवाणीचे अकोला केंद्र १०२.४ मेगाहर्ट्‌झवर लागते, ते याच पद्धतीने.

या दोन प्रकारच्या लहरींचा स्वभाव अगदी भिन्न आहे. मध्यम लहर लांब असते. ५८५ किलोहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर भरते, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक! इतकी लांब लहर जमिनीला धरून चालते आणि वाटेतल्या टेकडीला वळसा घालते. ओल धरणारी चिकण माती कोरड्या खडकाळ जमिनीपेक्षा वीज अधिक चांगली वाहते, म्हणून तिच्यावरून ही लहर दूरवर जाते. आपली काळी कपाशीची जमीन या बाबतीत तिला अनुकूलच आहे. रात्री तर हीच लहर वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जाते. म्हणून रात्री परप्रांतातली केंद्रे ऐकू येतात.

एफ. एम. ची लहर आखूड असते. १०२.४ मेगाहर्ट्‌झची लांबी तीन मीटरांहून किंचित कमी भरते. ही लहर जवळजवळ उजेडासारखी सरळ रेषेत जाते. मनोरा जितका उंच तितका तिचा पल्ला अधिक. पण पृथ्वीच्या गोलाईपुढे तिचे फारसे चालत नाही. हिशेबासाठी एक सोपा नियम आहे. मनोऱ्याची मीटरांतील उंची आणि गाडीवरच्या एरियलची उंची यांची वर्गमुळे काढावी, त्यांची बेरीज करावी आणि तिला चार पूर्णांक बारा शतांशांनी गुणावे. उत्तर किलोमीटरांत येते. मनोरा शंभर मीटरांचा आणि एरियल दोन मीटरांवर धरले, तर हे अंतर सुमारे ४७ किलोमीटर येते. त्यापुढे लहर एकदम संपते असे नाही. पण ती क्षीण होत जाते आणि तिचा भरवसा राहत नाही.

आता हा हिशेब आपल्या रस्त्यावर लावून पाहू. अकोल्याहून बोरगाव मंजू, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, पुढे कुरुम, बडनेरा आणि अमरावती असा हा शंभरएक किलोमीटरांचा रस्ता. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरांचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून विक्रम नोंदवला गेला, तो हाच रस्ता. अकोल्यापासून मूर्तिजापूर सरळ रेषेत चाळीस किलोमीटरांच्या आत आहे. तेव्हा तेथपर्यंत अकोला केंद्र बरे लागावे, ही अपेक्षा योग्य आहे. मूर्तिजापूर मागे पडल्यावर खरखर वाढू लागली, तर तो संचाचा दोष नव्हे, पृथ्वीच्या गोलाईचा आहे. अमरावती सरळ रेषेत अकोल्यापासून ऐंशीएक किलोमीटर पडते. तेथे अकोला केंद्र क्षीण लागले किंवा मुळीच लागले नाही, तर स्टिरिओ बसवणाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही. त्याचप्रमाणे पातूरच्या घाटात किंवा चिखलदऱ्याच्या वळणांवर डोंगराच्या आड गेल्यावर आवाज तुटू लागला, तर तो डोंगराचा गुण समजावा. परंतु भर अकोल्यात, किंवा बोरगाव मंजूलाही १०२.४ लागत नसेल, आणि जुन्या संचावर ते लागत होते, तर मात्र दोष गाडीत आहे, हे निश्चित समजावे.

हीच पहिली परीक्षा होय, आणि तिला एक पैसाही लागत नाही. त्याच जागी, त्याच वेळी दुसऱ्या गाडीचा रेडिओ लावून पाहावा. तिच्यातही खरखर असेल, तर दोष प्रक्षेपणाचा किंवा जागेचा. तिच्यात स्वच्छ लागत असेल, तर आपल्या गाडीची साखळी तपासावयास घ्यावी. ही परीक्षा न करता डॅशबोर्ड उघडणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे आहे.

साखळीची पहिली कडी एरियल, ज्याला आता सर्वजण अँटेना म्हणतात. अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या काळात पुढच्या पंख्यावर किंवा काचेच्या दांडीपाशी ओढून लांब करावयाची चकचकीत दांडी असे. एफ. एम. साठी दांडीची उत्तम लांबी लहरीच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे पाऊण मीटराच्या आसपास असावी लागते. उरलेल्या भागाचे काम गाडीचा पत्रा करतो. छपराचा पत्रा हा त्या दांडीचा जणू आरसा आहे. तो नसेल किंवा त्याच्याशी संपर्क तुटला असेल, तर अर्धे एरियल नाहीसे झाले असे समजावे. म्हणून एरियलच्या बुडाशी पत्र्याचा स्वच्छ स्पर्श हवा. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात बुडाचे रबर तडकते, पावसाळ्यात त्या फटीतून पाणी जाते, आणि दोनतीन वर्षांत तेथे गंज चढतो. स्टिरिओ नवा झाला तरी हा गंज जुनाच राहतो.

आजच्या गाड्यांना पाऊण मीटर दांडी शोभत नाही. त्यांना छपरावर मागे वीतभराची आखूड काडी असते, किंवा माशाच्या पंखासारखा उंचवटा असतो. काडीच्या आत तार गुंडाळून तिची विद्युत लांबी वाढवलेली असते. तरीही ती गोळा करते तो सिग्नल थोडाच. ही तूट भरून काढण्यासाठी बुडाशी एक छोटा वर्धक बसवलेला असतो. काही गाड्यांत एरियल मागच्या काचेवर तांबूस रेघांच्या रूपात छापलेले असते. त्यालाही वर्धक असतोच. अशा काचेवर उन्हासाठी धातूचा अंश असलेली फिल्म चिकटवली, तर लहरींच्या वाटेवर आपणच पडदा टाकला असे होते. स्टिरिओ आणि फिल्म दोन्ही एकाच दिवशी एकाच दुकानात लावून घेतली असतील, तर संशय दोघांचाही घ्यावा. तीच गोष्ट शोभेच्या पंखाची. बाजारात मिळणारे कित्येक पंख नुसते चिकटवावयाचे प्लास्टिक असतात. त्यांत तारही नसते. मूळची काडी काढून असा पंख लावल्यास गाडी देखणी होते, पण बहिरी होते.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते या सबंध विषयाचा तो गाभा आहे. एरियलच्या बुडाशी असलेल्या त्या वर्धकाला वीज लागते. ती कोण देतो? जुना, कारखान्यातून आलेला संच देत होता. आपण तो संच काढला आणि वर्धकाचा अन्नदाताच गेला. नव्या संचाला एरियलची पिन लावली, ती बरोबर बसली, सारे दिसावयास यथास्थित झाले. पण वर्धक उपाशी राहिला.

शेतकरी मंडळींना हे चटकन समजेल. विहिरीत पाणी आहे, पाईप धड आहे, घरी नवीन नळ बसवला आहे, पण मोटरपंपाला लाईन नाही. मग नळाला पाणी कोठून येणार? उलट बंद पडलेला पंप पाईपात आडवा बसतो आणि आपोआप आले असते तेवढेही पाणी अडवतो. वीज न मिळालेला वर्धक तसाच वागतो. म्हणून अशा गाडीत गावातले जवळचे, जोरकस केंद्र कसेबसे लागते आणि वेशीबाहेर पाचदहा किलोमीटर गेले, की सारे बंद होते. ‘जवळचे लागते, दूरचे लागत नाही’ हे लक्षण दिसले, की वर्धकाची वीज आधी तपासावी.

ही वीज पोचवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. काही गाड्यांत वर्धकासाठी वेगळी वायर आलेली असते. नव्या संचाच्या मागच्या बाजूला जो वायरींचा जुडगा येतो, त्यात एक निळी वायर असते आणि पुष्कळदा दुसरी निळ्यावर पांढरी रेघ असलेली असते. सर्वसाधारण प्रघात असा, की शुद्ध निळी वायर एरियलसाठी, आणि पांढऱ्या रेघेची बाहेरच्या मोठ्या अँप्लिफायरला जागे करण्यासाठी. पुष्कळ संचांत निळ्या वायरीत रेडिओ चालू असतानाच बारा व्होल्ट येतात, तर पांढऱ्या रेघेच्या वायरीत संच चालू असेतोवर येतात. एकच वायर दिलेली असेल, तर तीच एरियलला द्यावी. गाडीच्या मूळ कपलरमधील एरियलची वायर हिला जोडली, की काम झाले. दुकानात घाईघाईने काम करताना ही वायर ‘जास्तीची’ समजून टेप गुंडाळून आत ढकलली जाते. वाजवण्यासाठी तिची गरज नसते. म्हणून ती राहून गेली हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत वेगळी वायर नसतेच. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या युरोपीय घराण्यांच्या पुष्कळ गाड्यांत एरियलच्या त्याच केबलमधून वीज वर जाते आणि आवाजाची लहर खाली येते. साधा संच त्या केबलमध्ये वीज सोडत नाही. अशा गाडीसाठी वीज देणारा खास जोड मिळतो. एका टोकाला गाडीची चौकोनी पिन, दुसऱ्या टोकाला संचाची गोल पिन, आणि मधून निघालेली एक निळी वायर अशी त्याची रचना असते. ती वायर संचाच्या निळ्या वायरीला जोडावयाची. बाजारात अगदी तसाच दिसणारा, पण वीज न देणारा साधा जोडही मिळतो आणि तो स्वस्त असतो. फरक त्या एका बाजूच्या वायरीचा. जोड घेताना ती वायर आहे की नाही हे पाहून घ्यावे. मात्र या निळ्या वायरीवर दुसरा कोणताही भार, पंखा किंवा दिवा, टाकू नये; तिची शक्ती फारच थोडी असते.

आता पिनेकडे येऊ. संचाच्या पाठीमागे जी गोल पिन बसते, तिला या धंद्यात अजून मोटोरोला पिन म्हणतात. त्यामागे इतिहास आहे. १९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंच्या कारखान्याने मोटारीत चालेल असा रेडिओ तयार केला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिले. त्या काळात सर्वांत मोठी अडचण इंजिनच्या स्पार्क प्लगांतून उडणाऱ्या ठिणग्यांची होती. प्रत्येक ठिणगी ही एक लहानशी प्रक्षेपणयंत्रणाच. ती रेडिओत कडकडाट उठवी. तो कडकडाट दाबण्याची युक्ती सापडली, तेव्हा मोटारीतला रेडिओ व्यवहारात आला. ही जुनी झुंज आजही संपलेली नाही. तिचे नवे रूप पुढे येईलच. प्रस्तुत सांगावयाचे एवढेच, की ही पिन दाबून शेवटपर्यंत बसावी लागते. अर्धवट बसली, तर मधला खिळा टेकतो पण बाहेरचे कवच टेकत नाही. अरुंद जागेत संच मागे ढकलताना केबल मुडपते आणि बसलेली पिन पुन्हा सुटते. एकही केंद्र धड लागत नसेल, तर वर्धकाच्याही आधी पिन पाहावी.

येथवर तारांचा विचार झाला. यापुढचा दोष मात्र तारेत नाही, आकड्यांत आहे, आणि आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने तो फारच मार्मिक आहे. नवे संच जगाच्या सर्व बाजारपेठांसाठी एकाच साच्यात तयार होतात. आत ‘प्रदेश’ निवडावयाची सोय असते, आणि कधीकधी संच अमेरिकेच्या प्रदेशावर ठेवलेला असतो. अमेरिकेत एफ. एम. केंद्रे दोन-दोन दशांशांच्या अंतराने असतात आणि दशांशाच्या जागी नेहमी विषम आकडा येतो: १०२.१, १०२.३, १०२.५ असे. अमेरिकेच्या शिस्तीतला संच १०२.३ वरून थेट १०२.५ वर उडी मारतो, आपले १०२.४ त्याच्या पायऱ्यांतच नाही! मग अकोला केंद्र या किंवा त्या पायरीवर फाटक्या आवाजात ऐकू येते आणि आपोआप केंद्र शोधणारे बटन त्याच्यावरून सरळ पुढे जाते. मध्यम लहरीवरही तेच. आपल्याकडे केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्‌झच्या अंतराने वसवलेली आहेत. ५८५ ला नऊने भागा, बरोबर ६५ येतात. अमेरिकेत हे अंतर दहाचे. दहाच्या पायऱ्यांनी जाणारा संच ५८० वर थांबेल किंवा ५९० वर. ५८५ वर कधीच नाही. जपानी प्रदेशाची तऱ्हा आणखी वेगळी, तेथे एफ. एम. चा पट्टा शहात्तरपासून सुरू होतो आणि आपली शंभराच्या पुढची केंद्रे त्यात येतच नाहीत.

म्हणून नवा संच हाती आला, की बटन एकेक दाबून आकडे कसे सरकतात ते पाहावे. १०२.३ नंतर १०२.४ आले, तर ठीक. मध्ये एक आकडा गाळला जात असेल, तर प्रदेश बदलून ‘भारत’, तो नसेल तर ‘युरोप’ निवडावा. या दुरुस्तीला पाना लागत नाही, पैसाही लागत नाही. त्याच यादीत दुसरी एक खूण असते, फक्त जवळची जोरकस केंद्रे घ्यावयाची किंवा दूरचीही घ्यावयाची, अशी. ती ‘लोकल’वर राहिली असेल, तर संच दूरची केंद्रे मुद्दामच सोडून देतो. तसेच क्षीण केंद्रावर सतत सू-सू असा आवाज येत असेल, तर स्टिरिओ बंद करून मोनो करावा; दोन कानांचा वेगळा आवाज देण्यासाठी पुष्कळ अधिक जोरदार सिग्नल लागतो. आणि हेही लक्षात ठेवावे, की पडद्याच्या नव्या संचांपैकी कित्येकांत मध्यम लहर मुळी दिलेलीच नसते. ज्याला नागपूरची मध्यम लहर हवी, त्याने संच घेतानाच विचारावे. मागाहून उपाय नाही.

आता ठिणग्यांच्या त्या जुन्या झुंजीकडे परत येऊ. आज स्पार्क प्लग बरेच शांत झाले आहेत. पण सिगारेट-लायटरच्या जागेत खोवलेला मोबाईलचा स्वस्त चार्जर, काचेवरचा कॅमेरा, बाहेरून बसवलेले एल. ई. डी. दिवे यांच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्यातून जी खरखर निघते ती क्षीण केंद्राला गिळून टाकते. स्टिरिओबरोबर पुष्कळजण कॅमेरा आणि दिवेही बसवून घेतात आणि दोष स्टिरिओवर येतो. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून, किल्ली पहिल्या घरात फिरवून रेडिओ लावावा. मग चार्जर काढावा, कॅमेऱ्याची पिन काढावी, दिवे बंद करावेत. प्रत्येक वेळी कान द्यावा. ज्याला काढताच खरखर गेली, तो चोर. त्याची वायर एरियलच्या केबलपासून दूर न्यावी, वायरीवर फेराइटची कडी बसवावी, नाहीतर ती वस्तूच बदलावी. आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा किंकाळीसारखा आवाज येत असेल, तर संचाची काळी, म्हणजे अर्थिंगची वायर पत्र्याला नीट भिडलेली नाही असे बहुधा निघते. रंगावर आवळलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर तो आवळला पाहिजे.

उच्च दाबाच्या तारांखाली मात्र मध्यम लहर गुणगुणणारच. पारसच्या वीजकेंद्राच्या परिसरात किंवा विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गाशेजारून जाताना ती गुणगुणली, म्हणून गाडी दुकानात नेण्याचे कारण नाही. तारा मागे पडताच ती थांबते.

आता हे सारे क्रमाने एकत्र सांगतो. कारण दोष शोधण्यात क्रम हाच अर्धा विजय आहे. प्रथम त्याच जागी दुसरी गाडी. नंतर आकडे आणि प्रदेश. मग चार्जर, कॅमेरा, दिवे. मग बाहेरून एरियलची काडी. गाडी धुताना ती सैल झाली असेल, तर हाताने आवळावी. इथपर्यंत डॅशबोर्ड उघडावा लागत नाही, आणि पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात. त्यानंतर संच बाहेर काढून पिन, मग निळी वायर, मग काळी वायर. अगदी शेवटी केबल आणि एरियलचे बूड. संचाविषयी शंका उरलीच, तर एरियलची पिन काढून पाऊण मीटर लांबीच्या वायरीचे सोललेले टोक संचाच्या एरियलच्या भोकात मधोमध हलके खोचावे आणि दुसरे टोक खिडकीबाहेर उभे धरावे. या गावठी एरियलवर केंद्र स्वच्छ लागले, तर संच निर्दोष आहे. दोष गाडीच्या एरियलमध्ये किंवा केबलमध्ये आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून रेडिओ लागला, तर आनंद होईल, पण ज्ञान होणार नाही. आणि पुढच्या खेपेला पुन्हा अंधारात चाचपडावे लागेल.

सावधगिरीचे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. संच बाहेर ओढण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडावी. निळी वायर तपासण्यापुरती ती पुन्हा जोडावी आणि तेव्हा उघडी टोके पत्र्याला लागू देऊ नयेत. डॅशबोर्डातल्या पिवळ्या वेष्टनाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्टिंगचा दिवा लावणे तर राहोच, हातही लावू नये. फ्यूज उडाला, तर त्याच आकड्याचा फ्यूज घालावा. तारेचा तुकडा अडकवून काम भागवू नये. आणि ज्याला हे काम अंगवळणी नाही, त्याने चांगल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडेच जावे. या लेखाचा हेतू प्रत्येकाच्या हाती पाना देण्याचा नाही. दुकानात काय विचारावे हे प्रत्येकाला कळावे, एवढाच आहे.

कारागिराचीही एक बाजू आहे, ती न्यायाने सांगितली पाहिजे. त्याला मजुरी मिळते ती संच ‘वाजवून’ देण्याची. गिऱ्हाईक दुकानात पेन-ड्राइव्ह लावते, मोबाईल जोडते, गाणे मोठ्याने वाजवून पाहते आणि खूश होऊन जाते. रेडिओ लावून पाहण्याची मागणीच कोणी करत नाही. जे मागितले जात नाही, ते तपासले जात नाही. दोष एकट्या कारागिराचा नाही. आपल्या मागणीचा आहे. मोबाईलवर सारे ऐकावयास मिळते, मग रेडिओ कशाला, हा प्रश्नही त्यातूनच येतो. पण वादळात मोबाईलचा मनोरा बंद पडतो, आडरस्त्यावर रेंज जाते, आणि गाडी चालवताना मोबाईलचा पडदा चाळणे तर जिवावरचा खेळ आहे. रेडिओला एक बटन पुरते, आणि तो ऐकणाऱ्याकडून डोळे मागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नवा स्टिरिओ बसवून घ्याल, तेव्हा डॅशबोर्डाचे स्क्रू आवळण्यापूर्वी कारागिराला थांबवा. आधी जुन्या संचावर कोणती केंद्रे किती स्वच्छ लागत होती ते लिहून ठेवलेले असू द्या. मग दुकानाच्या दारातच गाडी छपराखालून बाहेर काढावयास सांगा आणि सर्वांत जवळचे केंद्र नव्हे, तर त्या यादीतले सर्वांत क्षीण केंद्र लावून पाहा. जवळचे केंद्र कोणीही पकडतो. परीक्षा दूरच्याची असते. ते लागले, तर स्क्रू आवळू द्या. नाही लागले, तर नवा संच मागू नका. ‘निळी वायर कोठे गेली?’ एवढेच विचारा.